खंडेनवमीची सुरी : निर्मलकडचे पोलाद आणि हाडाची मूठ



यंदाच्या व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा कार्यवाहांनी फोनवर दोनदा विचारले, "सुरी? म्हणजे आपली भाजी चिरायची?" त्यांचे आश्चर्य रास्त होते. या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, निजामी अमदानीतील मराठी शाळा झाल्या, वतनांचा इतिहास झाला. सुरीसारखी स्वयंपाकघरातली वस्तू इथे यापूर्वी कोणी आणली नसावी. पण मी आणली आहे ती सुरी भाजीची नाही. ती आमच्या घरात वर्षातून एकदाच कपाटातून निघते, खंडेनवमीला.

आमचे घराणे मूळ मुधोळ परगण्यातले. पांडेपणाचे वतन, त्यामुळे घरात शस्त्र म्हणावे असे काही नव्हते. बोरू, दौत आणि मोडीची दफ्तरे एवढीच आयुधे. तरी खंडेनवमीला पाटावर काहीतरी धारेचे हवे, म्हणून अडकित्ता, विळी आणि ही सुरी मांडली जाई. वीतभर लांबीचे पाते, किंचित वाकलेले. पिवळसर तपकिरी मूठ. आजोबा ती हातात घेऊन दरवर्षी एकच वाक्य म्हणत: "पाते निर्मलच्या पोलादाचे, मूठ हस्तिदंताची." आजोबांनंतर वडील तेच म्हणत, वडिलांनंतर मी म्हणू लागलो. पस्तीस वर्षे इतिहास शिकवूनही या वाक्याचा पुरावा मागावा असे मला कधी वाटले नाही. घरच्या वाक्याला कोण पुरावा मागतो?

चार वर्षांपूर्वी मुठीला आडवी चीर पडली आणि सगळा विषय उघडा झाला.

प्रथम 'निर्मलच्या पोलादा'विषयी सांगतो, कारण ते वाक्य अगदीच पोकळ नव्हते. निर्मल म्हटले की आज लाकडी खेळणी आणि रंगवलेल्या तसबिरी आठवतात. पण दोनशे वर्षांपूर्वी बाहेरच्या जगाला हा मुलूख माहीत होता तो पोलादामुळे. निर्मलच्या पूर्वेला ममडा मंडलात दिम्मदुर्ती नावाचे गाव आहे. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा ते निर्मल जिल्ह्यात गेले. त्याआधी ते आपल्या आदिलाबादचेच. आणि त्याहून मागे, १९०५ साली निर्मल तालुका या जिल्ह्याला जोडला जाईपर्यंत, तो इंदूरकडे म्हणजे आजच्या निजामाबादकडे होता. दिम्मदुर्तीच्या आसपास जमिनीत फार खोल न जाता चुंबकाला चिकटणारे काळे लोहखनिज मिळे. खाण म्हणजे पातळ मुरमाड थरातून पाडलेले भोक. पहारीने दगड सुटा करायचा, फोडून कुटायचा, पाण्यात धुऊन खडीची भुकटी वाहू द्यायची आणि तळाशी राहिलेली जड काळी वाळू ठेवायची. ही वाळू गोदावरीपलीकडे कोनसमुद्रमला जाई.

कोनसमुद्रम आज निजामाबाद जिल्ह्यात आहे. गोदावरीच्या दक्षिणेस बारा मैल, निर्मलपासून पंचवीस. लॅम्टनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात भूशास्त्रज्ञ म्हणून नेमलेला हेन्री वेस्ली वॉयसी हा इंग्रज डॉक्टर १८२० च्या सुमारास या गावी गेला आणि पाहिले ते त्याने नीट लिहून ठेवले. तो १८२४ मध्ये वारला. लेख छापला गेला १८३२ मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. पुढे १८८३-८४ च्या सुमारास सय्यद हुसेन बिलग्रामी आणि विल्मट यांनी निजामाच्या राज्याचे वर्णन करणारा ग्रंथ काढला, त्यातही ही हकीकत आहे. आपल्या भागातल्या एखाद्या कारागिरीचे इतके तपशीलवार वर्णन त्या काळातले दुसरे मिळणे कठीण.

पद्धत अशी. दोन ठिकाणचे लोखंड घ्यायचे, मिरतपल्लीचे तीन भाग आणि कोंडापूरचे दोन. ते मातीच्या मुशीत घालायचे, सोबत काचेसारख्या मळीचे तुकडे, म्हणजे वर थर धरून हवा लागू नये. मुशीची माती साधी नसे. तिच्यात भाताचा तूस मळलेला असे. तूस जळून मागे राहतो तो कोळशाचा आणि वाळूचा सांगाडा, त्यामुळे मूस भयंकर उष्णतेतही कोसळत नसे. आपल्या भागात भात कांडल्यावर तुसाचे ढीग पडत, ते काय कामाला येत याचा विचार आपण करत नाही. मुशी भट्टीत रचून चोवीस तास कातडी भात्यांनी आग धगधगती ठेवायची. लोखंड वितळून मुशीच्या तळाशी गोल ढेप बसे, साधारण दीड रत्तलाची. ही ढेप इतकी कठीण असे की हातोडा मारला तर तडकेल. म्हणून तिला मातीने लिंपून पुन्हा बारा-सोळा तास भाजायचे, निववायचे, पुन्हा भाजायचे. तीन-चार वेळा असे केले की मग ती घणाखाली वागू लागे. या ढेपेचे तेलुगू नाव 'उक्कु'. साहेबाच्या कानाला ते 'वूट्झ' ऐकू आले असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि जगभरच्या पुस्तकांत आज तेच नाव आहे.

वॉयसी गेला तेव्हा गावात एक परका माणूस मुक्कामाला होता. हाजी हुसेन, इस्फहानचा. इराणातून एवढ्या लांब पोलाद विकत घ्यायला तो आला होता, आणि ही त्याची पहिली फेरी नव्हती. लोखंडाचे प्रमाण तोलले जाई तेव्हा तो स्वतः उभा राही, तयार ढेपेचा चिवटपणा स्वतः तपासे. त्याने वॉयसीला सांगितले की हे गाव आणि ही कृती दोन्ही इराणात माहीत आहेत, तिकडे तशी नक्कल करून पाहिली, पण जमली नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्नियेनेही लिहून ठेवले होते की इराणी कारागीर ज्या पोलादावर लाटांची नक्षी उठवतात ते गोवळकोंड्याकडूनच येते. ही नक्षी म्हणजे जौहर. पाते घासून त्यावर हिराकसाचे पाणी फिरवले की राखाडी जमिनीवर पांढऱ्या रेघा उमटतात, ओढ्याच्या पाण्यावर वाऱ्याने उमटाव्यात तशा. ते वरून कोरलेले नसते, धातूच्या पोटातले असते. या पोलादात कोळशाचा अंश दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे पुष्कळच. तो कठीण कणांच्या ओळी धरून बसतो. ओळीच का धरतो, याचे उत्तर जॉन व्हर्हूव्हन आणि चाकू बनवणारा लोहार आल्फ्रेड पेंड्रे या अमेरिकी जोडीने १९९८ च्या सुमारास दिले: खनिजात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी सूक्ष्म अंश असावा लागतो. म्हणजे कृती तीच ठेवली तरी खनिज बदलले की जौहर उठेलच असे नाही. इराण्यांची नक्कल का फसली असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

या पोलादाच्या तलवारी प्रसिद्ध झाल्या. पण मला त्यांच्यापेक्षा इराणी 'कार्द' अधिक जवळची वाटते. कार्द म्हणजे सरळ, एकधारी सुरी, कमरेला खोचायची. तिची मूठ दोन पट्ट्यांची असते: पात्याचा मागचा भाग तसाच रुंद ठेवून त्याच्या दोन अंगांना हस्तिदंताच्या, वॉलरसच्या सुळ्याच्या किंवा हाडाच्या पट्ट्या खिळ्यांनी बसवायच्या. संग्रहालयांतून अशा कार्दी आहेत. त्यांच्याखालच्या चिठ्ठीवर इराण लिहिलेले असते. पात्यातले पोलाद कुठले, हा प्रश्न चिठ्ठीत मावत नाही.

आता एक सुरी लंडनमधली. १७९४ साली मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या हिंदी पोलादाचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढल्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. १७९५ हे साल आपल्याला खर्ड्याच्या लढाईमुळे पाठ आहे. निजाम आणि पेशवे एकमेकांना भिडले त्याच वर्षी दख्खनच्या पोलादाची चिकित्सा लंडनला चालली होती, हे मला शिकवण्याच्या वयात माहीत असते तर मुलांना आवडले असते. असो. बँक्स यांच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट या कारागिराने त्या पोलादाचा पहिला प्रयोग केला तो तलवारीचा नव्हे. त्याने बोरू तासायचा चाकू घडवला. अंधारात जेमतेम लाल दिसेल एवढ्याच उष्णतेवर त्याने ते पोलाद ठोकले, पाणी दिले, मग ४५० अंश फॅरनहाइटपर्यंत तापवून कडकपणा उतरवला, आणि धार उत्तमातल्या उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरेडेने १८२० आणि १८२२ मध्ये पोलादावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. विजेच्या शोधांआधी त्याचा हात आपल्याकडच्या या ढेपेवर फिरला होता.

मंडळी, या सगळ्या हकीकतीत नावे किती आली पाहा. वॉयसी, हाजी हुसेन, ताव्हेर्निये, स्कॉट, बँक्स, पिअर्सन, स्टोडार्ट, फॅरेडे. विकत घेणारा, लिहिणारा, पाठवणारा, तपासणारा, प्रत्येकाला नाव आहे. चोवीस तास भाता मारणाऱ्याला नाव नाही. वॉयसीने लोखंडाचे प्रमाण लिहिले, मुशीची माती लिहिली, इस्फहानच्या पाहुण्याचे नाव लिहिले. ज्याच्या हाताने ढेप निघाली त्याला त्याने नाव विचारले असेल तर ते कागदावर आले नाही. आणि साहेबाला दोष देण्याआधी आपणही आपल्या दफ्तरांकडे बघावे. माझ्या घरची मोडी कागदपत्रे मी वाचली आहेत. त्यांत गावचा महसूल आहे, आंब्याच्या झाडांची मोजणी आहे, मानपानाचे तंटे तर चार पिढ्या पुरतील इतके. गावच्या लोहाराचा उल्लेख येतो तो 'लोहार' म्हणूनच. बलुत्याचा वाटा त्याच्या जातीला लावलेला आहे, माणसाला नाही.

चिरेची गोष्ट पुढे सांगतो.

मूठ दुरुस्त करून घ्यावी म्हणून मी सुरी घेऊन निर्मल-भैंसा रस्त्यावरच्या एका गावी गेलो. तिथे एक कम्मरी आहेत, साठीचे. नांगराचे फाळ, कोयते, बकरी कापायच्या सुऱ्या करतात. आपल्याकडच्या पुष्कळ माणसांसारखे ते तेलुगूत सुरू होतात, मराठीत येतात आणि पैशाचे बोलणे दख्खनीत संपवतात. त्यांनी सुरी हातात घेतली, मुठीवर नख फिरवले आणि विचारले, "गुरुजी, हस्तिदंत कोण म्हणलं तुमाले?"

मी म्हटले, आजोबा.

"हे हाड हाये."

मी भिंग नेले होते, शिक्षकी सवय. त्यांनी दाखवले तसे पाहिले. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात तशी जाळी नसते. लांबीच्या दिशेने बारीक तुटक रेघा आणि कडेला सुईच्या टोकासारखी छिद्रे असतात. जिवंतपणी त्यांतून रक्त वाहते. तळहाताच्या मळाने आणि तेलाने ती छिद्रे काळी पडलेली होती, म्हणजे इतकी वर्षे डोळ्यांसमोरच होती. तुमच्याही घरात जुनी 'हस्तिदंती' मूठ असेल तर भिंग लावून बघा. न बघण्याचीही मुभा आहे.

मग त्यांनी खिळे काढले. तीन लोखंडी खिळे, गंजून फुगलेले. चीर का पडली ते तिथेच कळले: लोखंड गंजले की फुगते, हाड मुळीच ताणत नाही, म्हणून मधल्या खिळ्याच्या भोकातून ते आडवे उकलले. पट्ट्या सुटल्या तेव्हा आत काळी, ठिसूळ झालेली लाख निघाली. विटेची भुकटी मिसळून लाख वितळवायची आणि तिच्यात मूठ बसवायची ही जुनी रीत. लाख खरवडल्यावर खाली पोलाद दिसले आणि कम्मरी हसले. मुठीखालच्या, कधीही न घासल्या गेलेल्या भागावर तिरप्या रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, अगदी सारख्या अंतराच्या.

"कानस," ते म्हणाले. "इलायती कानस होती ही. कोणीतरी मोडकी कानस ठोकून सुरी केली."

तरीही मी आशा सोडली नाही. लिंबू कापून पात्यावर चोळायला लावले. पाते सारखे काळवंडले. एकही लाट नाही, जौहर नाही. आजोबांच्या वाक्याचे दोन्ही भाग त्या लोहाराच्या ओट्यावर अर्ध्या तासात संपले. निर्मलचे पोलाद नाही, हस्तिदंतही नाही.

परतताना बसमध्ये मी बराच खट्टू होतो, हे कबूल करतो. पण दोन-चार दिवसांनी वाटू लागले की मोडक्या कानशीची सुरी ही निर्मलच्या पोलादाच्या गोष्टीबाहेरची नाही. त्या गोष्टीचा तो पुढचा भाग आहे. १८५६ मध्ये बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत काढली. मुशीतून दिवसभरात दीड रत्तल निघे, तिथे विलायती भट्टीतून अर्ध्या तासात टनावारी निघू लागले. आगबोटी आणि आगगाड्यांनी ते बाजारापर्यंत आणले. इकडे निजामाच्या राज्यात जंगले राखीव होऊ लागली आणि कोळसा पाडणे अवघड झाले. मुशीच्या पोलादाला कोळसा लागतो तो बेसुमार. विसावे शतक उजाडेपर्यंत धंदा जवळजवळ मोडला. ज्यांचे पणजोबा इस्फहानच्या व्यापाऱ्यासाठी ढेपा काढत, त्यांच्याच भागातले लोहार आता बाजारात आलेल्या विलायती कानशी, कमानपाटे आणि तुटकी चाके गोळा करून त्यांची हत्यारे ठोकू लागले. चांगली कानस म्हणजे उत्तम पोलाद. ती ओळखायला आणि वागवायला जो हात लागतो तो त्यांच्याकडे होता. कानस राखेत पुरून रात्रभर निववायची म्हणजे मऊ होते, ठोकून पाते काढायचे, पुन्हा लाल करून पाणी द्यायचे, मग मंद आचेवर धरून पात्यावर गव्हाळ रंग चढू लागला की थांबायचे. कम्मरी हे सांगत होते तेव्हा मला स्टोडार्टचे ४५० अंश आठवले. पोलादावर गव्हाळ रंग चढतो तो त्याच सुमाराला. लंडनच्या कारागिराने थर्मामीटरने ओळखले ते आमच्याकडे रंगावरून ओळखत. ज्याने आमची सुरी केली त्यानेही ओळखले असणार, कारण तिची धार अजून आहे.

व्यापाराची दिशा कशी उलटली त्याचा आणखी एक दाखला मुठीचा. शेफिल्डचे कारखाने चांगल्या चाकूंच्या मुठींना हिंदुस्थानातील सांबराची शिंगे वापरत. आपल्या सातपुडा-सह्याद्रीच्या रानांतले शिंग विलायतेला जाई आणि चाकूवर बसून मुंबईच्या दुकानात परत येई. आपल्यापैकी काहींच्या आजोबांकडे 'रॉजर्स'चा चाकू असेल, तो पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो व्यापार आवळत गेला, आणि आता रानात गळून पडलेले शिंगही उचलून घरी आणता येत नाही. ते योग्यच झाले. कम्मरींनाही मी विचारले होते, सांबरशिंग मिळेल का? त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, पेन्शन चालू हाये ना तुमची?"

राहिले हाड. आणि खरे सांगायचे तर या व्याख्यानाचे कारण हाडच आहे.

हाडाची मूठ करायची तर कुठलेही हाड चालत नाही. थोराड जनावराच्या पायाची नळी लागते. तिची भिंत जाड आणि बऱ्यापैकी सरळ असते. कम्मरींनी म्हशीची नळी आणली. दोन्ही टोके कापली, आतला मगज काढला, धुण्याचा सोडा घालून पाणी उकळते न ठेवता नुसते मुरमुरते ठेवून दिवसभर शिजवली. खळखळ उकळले तर हाड खडूसारखे ठिसूळ होते. चरबी पूर्ण निघाली नाही तर पुढे मुठीवर पिवळे डाग येतात आणि पावसाळ्यात वास सुटतो. मग महिनाभर सावलीत वाळवण. उन्हात ठेवली की तडकते. महिन्याने मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी नळी उभी चिरली, पट्टी काढली, दगडावर घासून सपाट केली. हाड घासताना केस जळल्यासारखा वास येतो आणि पिठासारखी धूळ उडते. ती छातीत जाऊ नये म्हणून ते ओला गमछा नाकाला बांधतात. मलाही बांधायला लावला. भोक पाडताना सामता हळू फिरवायचा, मध्ये मध्ये थांबायचे, कारण हाड तापले की भोकाच्या कडेला जळून काळे होते आणि तिथूनच पुढे उकलते. भोक खिळ्यापेक्षा केसभर मोठे ठेवायचे. लाकूड खिळा सामावून घेते, हाड घेत नाही. खिळे या वेळी पितळेचे घातले, म्हणजे गंजून फुगण्याचा प्रश्न नको. पात्याला ओले फडके गुंडाळून लाख वितळवली, पट्टी बसवली, खिळ्यांची डोकी हलक्या हाताने पसरली आणि शेवटी राखेने घासून मूठ गुळगुळीत केली. जुन्या दोन पट्ट्यांपैकी एक शाबूत होती. ती तशीच ठेवली. त्यामुळे आता मुठीचे एक अंग तपकिरी आहे आणि दुसरे पांढरे. "चहात उकळून रंग मिळवू का?" असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले.

हे सगळे पाहताना मनात एकच प्रश्न होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या सुरीला पहिले हाड कुणी आणून दिले? आज नळी खाटकाकडून येते. तेव्हा गावात मेलेले जनावर कोण ओढत असे हे आपणा सर्वांना माहीत आहे. मराठी गावात ते महारांचे काम होते, तेलुगू गावात मालामादिगांचे. ते काम हक्क म्हणून सांगितले जाई आणि जोखड म्हणून वागवले जाई. कोनसमुद्रमच्या भात्यांचे कातडेही कुठल्यातरी गावच्या अशाच ढोराचे असणार. म्हणजे जगप्रसिद्ध पोलादात लोहाराच्या जोडीने ढोर फाडणाऱ्याचा हात होता, आणि तो वॉयसीच्या लेखात तर नाहीच, आमच्या दफ्तरातही नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. त्यानंतर गावोगावी लोकांनी ढोर ओढण्याचे काम टाकले, आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. त्या वेळी वतनदार घरांची बाजू कोणती होती हे इथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. आपण सगळे त्या घरांतलेच.

अशा घरात हाडाची मूठ पाटावर कशी आली? माझा तर्क साधा आहे. लोहाराने बसवली ती हाडाचीच, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. घरात आल्यावर कुणीतरी तिला हस्तिदंत म्हटले, आणि एकदा म्हटल्यावर ती देवापुढे ठेवता आली. ते वाक्य आजोबांनी फुशारकीने म्हटले असे मी इतकी वर्षे समजत होतो. आता वाटते, त्यात थोडी सोयही होती. दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचे नाव पुसले की वस्तू शुद्ध होते.

मी घरी येऊन सगळ्यांना खरे सांगितले. तरुण मंडळींना मजा वाटली. आमच्या काकू नव्वदीच्या आहेत, खंडेनवमीचा पाट आजही त्याच मांडतात. त्या म्हणाल्या, "हाड? देवापुढे? इतकी वर्षं?" मी म्हटले, काकू, हस्तिदंत म्हणजे तरी मेलेल्या हत्तीचा दातच. देवघरात शंख आहे, तोही एका जीवाचे घरच आहे. सोवळ्याला आपण मृगाजिन चालवतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "तू शिकवतोस ते बरोबर असेल," त्या म्हणाल्या, "पण दात तो दात, हाड ते हाड."

त्या वर्षी सुरी कपाटातच राहिली. दुसऱ्या वर्षीही. मी आग्रह धरला नाही. नव्वदीच्या बाईशी वाद घालून जिंकण्यात काय आहे? मात्र या काळात मी जिथे जाईन तिथे जुन्या सुऱ्या पाहू लागलो. भैंसा, बोथ, किनवट, आदिलाबाद गाव. १९५६ मध्ये किनवट पलीकडे गेले तरी घरे तीच आहेत, सोयरिकी त्याच आहेत. सात घरांतल्या मुठी मी भिंगाने पाहिल्या. सातही हस्तिदंती म्हणून दाखवल्या गेल्या. एक खरोखर हस्तिदंताची होती, एक कचकड्याची. पाच हाडाच्या. दोन घरांत मी ते सांगितले, तीन घरांत चहा घेऊन परत आलो.

कोनसमुद्रमलाही जाऊन आलो. डॉ. जयकिशन यांनी उत्तर तेलंगणातली अशी गावे वर्षानुवर्षे पायी फिरून नोंदवली आणि २०१० च्या सुमारास बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाबरोबर या पट्ट्याची पाहणी केली. त्यामुळे कुठे पाहायचे ते ठाऊक होते. गावाच्या कडेला मळीचे ढीग आहेत, त्यांत फुटक्या मुशींचे तुकडे. एक हातात घेतला. आतून काचेसारखा हिरवट काळा, बाहेरून खरखरीत, आणि मोडलेल्या कडेवर तुसाचे ठसे स्पष्ट, एकेक दाणा मोजता यावा इतके. तो तिथेच ठेवून आलो.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाट मांडताना काकूंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "ती सुरी आण. तुझ्या आजोबांच्या हातातली आहे." मी आणली. त्यांनी मुठीचे पांढरे अंग खाली आणि तपकिरी वर येईल अशी ती अडकित्त्याशेजारी ठेवली. पुरणाचा नैवेद्य झाला, आरती झाली. माझ्या तोंडी सवयीने जुने वाक्य आले, अर्ध्यावर थांबलो. मग म्हटले, "पाते विलायती कानशीचे, मूठ हाडाची." नातू हसला. काकूंनी पात्याला हळद-कुंकू लावले, मुठीला लावले नाही, आणि वर झेंडूचे फूल ठेवले.